पथ्य गुरुवारी ठरते

मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा रिपोर्ट हातात पडला की पहिल्या आठ दिवसांत घरोघरी जे घडते ते साधारण सारखेच असते. साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो, चालायचे बूट येतात, कारल्याचा रस सुरू होतो आणि ‘आता सगळे बदलायचे’ असे ठरते. तीन महिन्यांनी डबा खाली आलेला असतो. मग नातेवाईक म्हणतात, ‘त्यांच्या मनातच नाही.’ डॉक्टर थोड्या सौम्य शब्दांत तेच म्हणतात आणि हळूहळू आजारी माणसालाही ते पटू लागते. हे दुसरे निदान मात्र बहुतेक वेळा चुकते. दीर्घ आजार घेऊन जगणाऱ्या माणसाकडे निश्चयाची टंचाई क्वचितच असते. त्याने केलेल्या निश्चयाला वार, वेळ, जागा आणि सोबतीचे माणूस मिळालेले नसते, म्हणून तो टिकत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा देशभरातील पाहणीचा अहवाल 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे, 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि प्रौढांपैकी 35.5 टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. म्हणजे हा प्रश्न मोजक्या हट्टी लोकांचा नाही. भीतीने माणूस बदलतो, हा समजही आकडेवारीपुढे टिकत नाही. भारतासह 17 देशांत झालेल्या ‘प्युअर’ या अभ्यासात हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या साडेसात हजारांवर लोकांच्या सवयी तपासल्या गेल्या. मृत्यू दारात येऊन गेलेली ही माणसे होती. तरीही धूम्रपान सोडणे, पुरेसा व्यायाम आणि बरा आहार या तिन्ही गोष्टी पाळणारे त्यांच्यात फक्त 4.3 टक्के निघाले; 14.3 टक्के लोक तिन्हींपैकी एकही पाळत नव्हते. एवढे संकट अनुभवूनही शंभरातले पंच्याण्णव जण पूर्ण बदलत नसतील, तर त्या पंच्याण्णवांच्या स्वभावात दोष शोधण्याऐवजी आपण बदलाची जी रीत सांगतो ती तपासून पाहणे शहाणपणाचे ठरेल.

निश्चयाला व्यवस्था लागते याचे एक उदाहरण छत्रपती संभाजीनगरातच सापडते. इथल्या लष्करी छावणीला लागूनच नागसेनवन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये या शहरात महाविद्यालय सुरू केले आणि 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला बसवली गेली. ज्या वर्षांत बाबासाहेब या कामासाठी इथे येत होते, त्याच वर्षांत मधुमेह आणि पायांच्या असह्य वेदना त्यांच्या मागे लागल्या होत्या. 1948 च्या सुरुवातीला, राज्यघटनेच्या मसुद्याचे काम ऐन भरात असताना, दुखणे इतके वाढले की उपचारासाठी त्यांना मुंबईला जावे लागले. औषधपाणी आणि खाणेपिणे सांभाळणारे माणूस जवळ हवेच, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. त्याच वर्षी 15 एप्रिलला त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. त्याच पुढे माईसाहेब. बाबासाहेबांच्या निश्चयशक्तीबद्दल कोणी शंका घेईल असे वाटत नाही. पण त्यांनाही जेवणाच्या वेळा, औषधे आणि विश्रांती सांभाळायला घरात व्यवस्था लागली, आणि ती लागते हे त्यांनी मान्य केले. आपल्याकडे मात्र रिक्षा चालवणाऱ्या किंवा टपरी सांभाळणाऱ्या माणसाला दोन मिनिटांत सांगितले जाते, ‘गोड बंद, भात कमी, रोज चालायचे,’ आणि उरलेले सगळे त्याच्या मनोबलावर सोडले जाते.

छावणी ही वस्तीच मुळी सवयीचे शास्त्र समजावून सांगते. सैन्यातला जवान पहाटे पळतो तो रोज सकाळी मनाशी झगडून पळत नाही. उठण्याची वेळ ठरलेली, मैदान ठरलेले, बरोबरचे ठरलेले, आणि न आल्यास विचारणारा कोणीतरी असतोच. निश्चय एकदाच, भरतीच्या वेळी केलेला असतो. पुढचे काम वेळापत्रक करते. तोच जवान निवृत्त होऊन गावी किंवा शहरातल्या फ्लॅटमध्ये राहायला गेला की वेळापत्रक मागे राहते आणि पोट पुढे येते. माणूस तोच, शिस्तीचे संस्कारही तेच, फक्त भोवतालची चौकट निघून गेली. छावणी परिषदेच्या हद्दीतच नागरी बाजारपेठही आहे. तिथला दुकानदार पहाटे पळणाऱ्यांच्या शेजारी राहतो, पण त्याचा दिवस गल्ल्यावर बसून जातो, दुपारचे जेवण चार वाजता होते आणि रात्रीचे साडेदहाला. ‘वेळेवर जेवा’ असे या माणसाला सांगणे म्हणजे दुकान बंद करा असे सांगण्यासारखेच आहे, जोवर दुपारी अर्धा तास गल्ल्यावर कोण बसेल हे ठरत नाही. हा अर्धा तास कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो, आणि खरे पथ्य तिथेच अडते.

आता छावणीचा गुरुवारचा आठवडी बाजार घ्या. आठवड्याची भाजी इथून नेणाऱ्या घरात पुढचे सात दिवस ताटात काय पडणार, याचा मोठा भाग त्या एका संध्याकाळी ठरून जातो. मेथी, शेपू, चुका, अंबाडी या जुड्या स्वस्त असतात, पण शनिवारनंतर टिकत नाहीत. वांगी, गवार, दोडके सोमवारपर्यंत ओढतात. मंगळवार-बुधवारी टोपलीत बटाटे आणि कांदे उरतात, आणि नेमक्या त्याच दोन दिवशी बटाट्याची भाजी, भात आणि वर फोडणीची पोळी असे ताट होते. बुधवारी रात्री ताटावर बसून केलेला संयम इथे उपयोगी पडत नाही. निर्णयाची जागा गुरुवारच्या पिशवीत होती. पिशवीत कोबी, दुधी, गाजर, काकडी यांसारख्या टिकणाऱ्या भाज्या आणि घरात मटकी-हरभरे भिजवायला असले तर बुधवारही निभावतो. तसेच शेव-चिवड्याचे. घरात आलेला चिवडा खायचा नाही हे रोज रात्री नऊ वाजता ठरवावे लागते; बाजारात तो घ्यायचा नाही हे आठवड्यातून एकदा ठरवले तरी भागते. सात निर्णयांच्या जागी एक निर्णय येतो, आणि तोही पोट भरलेले असताना घेता येतो. म्हणून बाजाराला जेवून जावे, हा सल्ला मला अनेक जाडजूड आहारतक्त्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

वेळ आणि जागा आधीच ठरवण्याला संशोधनाचा आधार आहे. 2002 मध्ये ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. एका गटाला व्यायामाचे फायदे आणि न केल्यास हृदयविकाराचा धोका समजावून सांगितला. दुसऱ्या गटाकडून त्याशिवाय एक वाक्य लिहून घेतले: पुढच्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. नुसती माहिती मिळालेल्यांपैकी 35 टक्क्यांनी आठवड्यात एकदा तरी नीट व्यायाम केला. काहीच न सांगितलेल्यांचे प्रमाण 38 टक्के होते, म्हणजे माहितीने फरकच पडला नाही. वाक्य लिहिणाऱ्यांचे प्रमाण 91 टक्के निघाले. हे निरोगी तरुण होते आणि प्रश्न काही दिवसांचाच होता, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा साठीतल्या मधुमेहींना लावणे बरोबर नाही. पण पीटर गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी 2006 मध्ये अशा 94 चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हाही ‘केव्हा, कुठे, कसे’ ठरवण्याचा परिणाम चांगलाच दिसून आला. लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक 66 निघाला. कोणाला 18 पुरले, तर कोणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. ‘एकवीस दिवसांत सवय’ हे वाक्य आपल्याकडे शिबिरांच्या फलकांवर सर्रास असते. ते मनातून काढून टाकावे. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला की माणूस स्वतःला नालायक ठरवून मोकळा होतो. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट त्याहून दिलासा देणारी आहे: मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा खंड पडत नाही. लग्नात जिलेबी खाल्ली म्हणून पथ्य मोडले असे होत नाही. ‘आता मोडलेच आहे तर’ म्हणून पुढचा आठवडा सोडून दिला की मोडते.

महाराष्ट्राने 2018 च्या सुमारास एक मजेदार वाद अनुभवला. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत सांगत होती की दिवसातून दोनदाच, प्रत्येकी 55 मिनिटांच्या आत जेवा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने, आपले पारंपरिक अन्न खायला सांगत होत्या. घराघरांत दीक्षित की दिवेकर अशा फळ्या पडल्या. माणसे आहाराबद्दल इतक्या आवेशाने बोलू लागली ही चांगलीच गोष्ट होती, पण वादाचा सगळा भर कोणती पद्धत खरी यावर होता. अमेरिकेत 2005 मध्ये 160 लोकांवर चार प्रसिद्ध आहारपद्धती वर्षभर ताडून पाहिल्या, तेव्हा पद्धतींमध्ये फारसा फरक दिसला नाही. ज्याने आपली पद्धत जितकी नीट पाळली तितके त्याचे वजन उतरले. 2018 मध्ये 609 जणांवर कमी चरबीचा आणि कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर तोलला गेला. एका बाजूला 5.3 किलो, दुसऱ्या बाजूला 6 किलो घट, म्हणजे जवळपास बरोबरी. आपल्याकडे खरा प्रश्न असा विचारायला हवा होता की दोन पाळ्यांत काम करणाऱ्या वाळूजच्या कारखान्यातल्या कामगाराला यांतले काय पाच वर्षे जमेल? जे जमेल ते त्याच्यासाठी बरे. एक इशारा मात्र आवश्यक आहे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवणाच्या वेळा एकदम बदलल्या, मग ते नव्या पद्धतीमुळे असो, एकादशीमुळे की रमजानच्या रोज्यांमुळे, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यावा लागतो. उपासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन मधुमेह्याने पथ्य पाळल्याचे समाधान मानण्यातही अर्थ नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टच आहे.

घर हा या सगळ्याचा सर्वांत अवघड भाग आहे. पुरुषाला शुगर निघाली तर बायको वेगळी भाजी करते, भाकरी मोजून वाढते, गोळीची आठवण करते. शुगर बायकोला निघाली तर? ती सगळ्यांसाठी सगळ्यांच्या आवडीचे रांधते, शेवटी जेवते आणि उरलेले वाया जाऊ नये म्हणून संपवते. चालायला जायची वेळ म्हणजे नेमकी डबे भरायची किंवा पाणी भरायची वेळ असते. तिला ‘स्वतःकडे लक्ष द्या’ असे सांगणे सोपे आहे. पण सकाळी सहा ते साडेसहा डबे कोण भरेल याचे उत्तर नवऱ्याने किंवा मुलाने दिल्याशिवाय तिचा व्यायाम कागदावरच राहील. चहाचेही तसेच. दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तरी 40 ते 50 ग्रॅम साखर फक्त चहातून पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना साखर शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवावी असे म्हणते. पण घरात चहा एकाच पातेल्यात उकळतो आणि साखर त्यातच पडते. आजारी माणसाला दर वेळी ‘माझा वेगळा करा’ असे म्हणावे लागले की आठवड्याभरात तो संकोचाने म्हणायचे सोडतो. पातेल्यात साखर न घालता ज्याने त्याने आपल्या कपात घालून घेण्याची पद्धत घराने पाडली तर कोणालाच काही मागावे लागत नाही. मिठाचेही गणित असेच. संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा. ठेचा, लोणचे, पापड आणि ताटात वाढलेले वरचे मीठ धरले तर मराठवाड्यातले जेवण ती केव्हाच ओलांडते. रक्तदाबाच्या माणसासाठी वेगळा अळणी स्वयंपाक करण्यापेक्षा ताटात मीठ वाढणेच घरात बंद करणे अधिक काळ टिकते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ही तर आळसाला पळवाट झाली, माणसाने स्वतःची जबाबदारी घ्यायला नको का? घ्यायलाच हवी. पण जबाबदारी कशाची घ्यायची, हा मुद्दा आहे. दररोज मोहाशी लढण्याची जबाबदारी घेणारा बहुतेकदा हरतो. मोहाची वेळ आणि जागाच बदलण्याची जबाबदारी घेणाऱ्याला जास्त यश येते. हे अधिक शहाण्या जबाबदारीचे काम आहे, कमी नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, तो गरिबीचा. हातावर पोट असलेल्या माणसाला फळे, सुकामेवा, जिम हे काही परवडत नाही. खरेच आहे, आणि तज्ज्ञांनी आपल्या तक्त्यांतून सफरचंद आणि बदाम काढून टाकले तर बरे होईल. पण ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी आणि शेंगदाणे हे मराठवाड्याचे महागडे अन्न नाही. अडचण पैशाइतकीच वेळेची आहे: उसळ आदल्या रात्री भिजवावी लागते, आणि दमून आलेल्या बाईला वडापाव किंवा पाकिटातले नूडल्स सोपे पडतात. ज्वारीलाही देव्हाऱ्यात बसवू नये. भाकरीने शुगर वाढत नाही अशा समजुतीने तीन-चार भाकऱ्या खाणाऱ्यांची शुगर वाढतेच.

तिसरा आक्षेप दोन्ही टोकांकडून येतो. एकीकडे, गोळ्या आहेतच, मग एवढे कशाला? दुसरीकडे, इतका उशीर झाला, आता बदलून काय होणार? अमेरिकेतल्या 2002 च्या मोठ्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 3,234 लोकांत आहार-व्यायामाने मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले, मेटफॉर्मिनने 31 टक्क्यांनी. चेन्नईतल्या 531 भारतीयांवरच्या 2006 च्या अभ्यासात हे आकडे 28.5 आणि 26.4 टक्के असे जवळजवळ सारखे निघाले. म्हणजे आपल्याकडे फायदा आहे, पण अमेरिकेतल्याएवढी आशा धरू नये. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात मधुमेह होऊन सहा वर्षे न उलटलेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना कडक आहार आणि सततची मदत दिली तेव्हा 46 टक्के लोक वर्षभरानंतर गोळ्यांशिवाय साखर काबूत ठेवू शकले. दोन वर्षांनी ते प्रमाण 36 टक्क्यांवर आले. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशा जाहिरातींना या आकड्यांत आधार नाही, आणि मनाने गोळ्या बंद करायलाही नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. मधुमेह असलेल्या 5,145 अमेरिकनांना वर्षानुवर्षे वजन कमी करायला मदत देऊनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, म्हणून ती चाचणी 2012 मध्ये थांबवली गेली. पण त्याच लोकांचे मूत्रपिंडाचे त्रास घटले, झोप सुधारली, औषधे कमी लागली, चालणे-फिरणे जास्त दिवस शाबूत राहिले. सत्तराव्या वर्षी जिना चढता येणे हा फायदा मला लहान वाटत नाही.

सावकाश, एकेक पायरीने बदलण्याची रीत एका ठिकाणी लागू पडत नाही: तंबाखू. सुमारे सातशे धूम्रपान करणाऱ्यांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत एका ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी 49 टक्के चार आठवड्यांनी दूर राहिले होते. हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी 39 टक्के. मात्र इथेही तारीख आधी ठरली होती आणि मदतीला माणूस होते.

भोवतालची चौकट नीट असली की नियम पाळला जातो, हे सरकारी व्यवस्थेतही दिसते. 2017 च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात त्याची सुरुवात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा जिल्ह्यांत झाली. त्यात चमत्कारिक औषध काहीच नव्हते. ठरलेल्या गोळ्या, एका वेळी महिन्याभराच्या, घराजवळच्या केंद्रात, आणि कोणी आले नाही तर चौकशी करणारी यंत्रणा, एवढेच. महिनाभराची गोळी गावात मिळाली की नियमितपणा आपोआप वाढतो. तिच्यासाठी रोजगार बुडवून लांबच्या दवाखान्यात रांग लावावी लागली की ‘औषध घेत नाही’ असा शेरा केसपेपरवर येतो. छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी घाटी रुग्णालयावर अनेक जिल्ह्यांचा भार आहे; तिथल्या डॉक्टरांना प्रत्येकाचा गुरुवार विचारायला वेळ मिळणार नाही हे उघड आहे. ते काम आशाताई, आरोग्यसेविका आणि गल्लीतला फॅमिली डॉक्टर करू शकतो, आणि त्यासाठी वेगळे मशीन लागत नाही. ‘चाला’ याच्या पुढे एकच प्रश्न विचारायचा: कधी, कोणत्या रस्त्याने आणि कोणाबरोबर?

ज्यांच्या घरात असा आजार आहे त्यांना एवढेच सांगणे आहे. सगळे एकदम बदलू नका. एकच गोष्ट निवडा, तिचा वार आणि वेळ कागदावर लिहा, आणि ती पाळताना घरातले कोण कोणते काम उचलणार हेही त्याच कागदावर लिहा. ते जमायला लागले की दुसरी घ्या. चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका. रोज ग्लुकोमीटर टोचून आशा-निराशेचे हिंदोळे खाण्यापेक्षा, डॉक्टरांनी रोज तपासायला सांगितले नसेल तर, तीन महिन्यांनी एचबीएवनसी करून घ्या. ती तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, त्यामुळे त्याआधी केली तर नव्या सवयीचा पुरता हिशेब तिच्यात उतरलेला नसतो.